कष्ट उतरले, ताट तेवढेच राहिले

दुभत्या जनावराला खुराक किती द्यायचा, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. शरीर राखण्यापुरता एक-दीड किलो, आणि वर दुधाच्या प्रत्येक लिटरमागे गाईला 400 ग्रॅम, म्हशीला 500 ग्रॅम. जनावर आटले की खुराक उतरतो. भाकड म्हशीपुढे कोणी पाटीभर पेंड ठेवत नाही. ठेवली तर ती अंगावर चरबी धरते आणि पुढे गाभ राहायला त्रास देते. गोठ्यातला हा हिशेब आपला चोख असतो. पण गोठ्यातून घरात शिरताना तो चपलांबरोबर दाराबाहेरच राहतो. माणसाच्या ताटात काय आणि किती वाढायचे, हे त्याचे काम पाहून ठरत नाही. ते सवयीने आणि मायेने ठरते.

आपल्या आजोबांच्या वेळची आठवण काढा. पहाटे मोट धरायची, दिवसभर औत हाकायचे, बाजाराला चार कोस पायी जायचे. त्यांना तीन-चार भाकरी लागत आणि त्या अंगात जिरतही. आता नांगरट ट्रॅक्टर करतो, पाणी वीजपंप उपसतो, आणि बांधापर्यंत आपण दुचाकीवर जातो. हे चांगलेच झाले. मोट ओढण्याचे दिवस परत यावेत असे कोणीही म्हणणार नाही. पण कष्ट उतरले तसे ताट उतरले नाही. उलट त्यात तेल वाढले, साखर वाढली, फरसाण आणि बिस्किटे आली. त्याचे फळ आता गावोगाव दिसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे 10 कोटींहून अधिक रुग्ण आहेत, आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी 13 कोटींहून अधिक.

त्या उंबरठ्यावर मीही उभा होतो, म्हणून हे लिहितो. 2022 च्या जानेवारीत माझे वजन 104 किलो भरले. उंची पाच फूट सात इंच. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी 6.3 आली. 6.5 ला मधुमेह धरतात. डॉक्टर म्हणाले, "अजून गोळी नको. सहा महिने तुमच्या हातात आहेत." हे सहा महिने म्हणजे काय, ते मला कोणी सांगायला नको होते. माझ्या वडिलांचा पाय मधुमेहाने घोट्यापासून काढावा लागला होता. शेवटची सहा वर्षे ते ओसरीवर बसून होते. रान घरापासून हाकेच्या अंतरावर, पण पीक कसे आले ते त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे. शेतकऱ्याच्या वाट्याला याहून मोठी शिक्षा नाही.

माझे कामही पायांवरच चालते. कृषी विस्तार अधिकाऱ्याला डोंगरउतारावरचे समतल चर पाहायचे तर वर चढावेच लागते. खाली गाडीजवळ उभे राहून चराची खोली मोजता येत नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन युडकिन या आपल्या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण शरीरातली चरबी मोजली तर इंग्रजाची 9 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21 टक्के! म्हणजे आपला माणूस दिसायला बेताचा असला तरी आत चरबी धरून असतो, आणि ती मुख्यतः पोटाभोवती साठते. म्हणून आपल्याकडे कमरेचा घेर पाहायचा. पुरुषाचा 90 सेंटीमीटरच्या वर आणि बाईचा 80 च्या वर गेला की सावध व्हायचे. त्याला काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते.

माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा सांगू नये, असे मी शेतीशाळेत सांगत आलो. तोच नेम इथे लावला. पंधरा दिवस तोंडात गेलेला प्रत्येक घास वहीत टिपला. पिकाचा जमाखर्च लिहावा तसा. त्यातून तीन चोर सापडले.

पहिला चहा. फिरतीवर असलो की दिवसाला आठ कप ठरलेले. कपाला दोन चमचे, म्हणजे 10 ग्रॅम साखर धरली तर दिवसाची 80 ग्रॅम. त्यातून 320 उष्मांक, म्हणजे ज्याला आपण कॅलरी म्हणतो ते, फुकट अंगात जात. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते. गुळाचा चहा घेतला म्हणून सुटका नाही. गूळ जवळजवळ साखरेइतकाच भरतो.

दुसरे तेल. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला सहा किलो तेल लागे. माणशी रोजचे 50 ग्रॅम झाले. एक ग्रॅम तेलात 9 उष्मांक, म्हणजे 450 उष्मांक नुसत्या फोडणीचे आणि तळणाचे.

तिसरा चोर घरचाच, म्हणून तो दिसत नाही. दाण्याचा कूट. शेंगदाणा उत्तम अन्न आहे, पण त्यात निम्म्याच्या आसपास तेल असते. भाजीत मूठभर, कोशिंबिरीत मूठभर, वर चटणीत. दिवसाला 60 ग्रॅम गेला तर 300 च्या वर उष्मांक होतात.

इथे ज्वारी-बाजरीबद्दल सरळ सांगतो, कारण हल्ली या धान्यांचे फार गोडवे गातात. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले, ते योग्यच झाले. पण भाकरी खाल्ली की वजन उतरते, असे समजू नका. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, कोणतेही 100 ग्रॅम घ्या, उष्मांक साधारण 320 ते 360 च भरतात. फायदा आहे तो असा की ज्वारी-बाजरीत सडलेल्या तांदळाच्या मानाने चोथा तिप्पटीहून अधिक असतो. पोट लवकर भरते आणि उशिरा रिकामे होते. शिवाय भाकरी मोजता येते. भाताचा ढीग मोजता येत नाही.

मग आम्ही ताट उपाशी ठेवले नाही, फिरवले. तीन भाकरींच्या जागी दीड. भात दोन घास. उरलेली जागा पालेभाजीने, काकडी-मुळा-गाजराने आणि मोड आलेल्या मटकीने, हुलग्याने, चवळीने भरली. या कडधान्यांत 100 ग्रॅमला 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. वजन उतरताना मांस झडू नये म्हणून ती हवीतच. लोणी काढलेले ताक दोन वेळा. तेल महिन्याला सहा किलोवरून तीनवर आणले. पत्नीने पळी बाजूला ठेवून चमचा हातात घेतला, एवढाच बदल. रात्रीचे जेवण दिवेलागणीनंतर लगेच. अमुक एक पदार्थ बंद, असे काही केले नाही. पुरणपोळी सणाला असतेच, पण सणाला.

अडचण पदार्थांची नव्हती, माणसांची होती. खेड्यात चहाला नाही म्हणणे म्हणजे घराला नाही म्हणणे. एका वस्तीवरच्या आजींनी तर विचारलेच, "आमच्या घरचा च्या गोड लागंना व्हय साहेब?" मी म्हणालो, "आज्जी, च्या नको, पण तुमच्या हातचं लोटीभर ताक द्या." त्यांचा चेहरा उजळला. पाहुण्याने काहीतरी घ्यावे एवढेच त्यांना हवे होते. त्यानंतर त्या वस्तीवर माझ्यासाठी ताकच येऊ लागले, आणि हळूहळू इतरांसाठीही.

घरात आईला समजावणे अधिक जड गेले. तिने 1972 चा दुष्काळ अंगावर काढला आहे. दुष्काळी कामावर खडी फोडली, मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. माझ्या ताटातली भाकरी कमी झालेली पाहून ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "खाल्लेलं अंगाला लागाया लागलं की मानूस वाचला, असं आमाला वाटायचं. आन् तू अंगावरचं घालवाया निघालास." या बोलण्याला माझ्या पदवीत उत्तर नव्हते. तिच्या लेखी भरलेले अंग म्हणजे दुष्काळ दूर असल्याची खूण. मी तिला एवढेच म्हणालो, "आई, पहिली भाकरी तूच वाढ. एकच, पण तुझ्या हातची." मग तीच एक दिवस म्हणाली, हुलग्याचं माडगं करू का? जे दुष्काळात नाइलाजाने प्यायले, ते तिने इतकी वर्षे पाहुण्यांपुढे कधी ठेवले नव्हते. आता आमच्याकडे ते आठवड्यातून दोनदा होते आणि आई सगळ्यांना ऐकवते, "दुष्काळातलं आता साहेब लोक मागून पित्यात."

आता पळण्याविषयी. आमच्या सातारा भागात पळणे नवे नाही. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेल्या आणि दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्यपदक मिळवले. कोरडवाहू गावांतली ही लेकरे. भरतीची तयारी करणारी पोरे तर रोज पहाटे रस्त्यावर असतात. पण पन्नाशीतला, शंभर किलोचा माणूस पळताना दिसला की गाव थांबून बघते. "साहेब, मागं कुत्रं लागलं का?" हे मी अनेकदा ऐकले. हसून पुढे जायचे. दोन आठवड्यांत लोकांचे हसू संपते.

सुरुवात पळण्याने केली नाही. आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी, मग तीन महिने नुसते चालणे, कालव्याच्या कडेच्या मातीच्या वाटेने रोज पाऊण तास. वजन 95 च्या खाली आल्यावर चार मिनिटे चालणे, एक मिनिट पळणे. मग तीनाला दोन. वर्षभरात सलग पाच किलोमीटर पळू लागलो. वेग एवढाच ठेवला की सोबत्याशी बोलता यावे. धाप लागून शब्द फुटेना झाला की वेग जास्त झाला असे समजायचे. आठवड्यातून चार दिवस, मध्ये विश्रांती. पिकाला वापसा लागतो तसा गुडघ्यालाही लागतो.

पळण्याचा हिशेबही करून बघा. माणूस एक किलोमीटर पळाला की किलो वजनामागे साधारण एक उष्मांक जळतो. 90 किलोच्या माणसाने पाच किलोमीटर पळून 450 उष्मांक घालवले. परत येताना नाक्यावर दोन वडापाव खाल्ले की ते बहुधा भरून निघाले, वर थोडे शिल्लक! तोंडाने चढवलेले पायांनी फिटत नाही. वजन मुख्यतः ताटातून उतरते. मग पळायचे कशाला? काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, हृदय बळकट होते, झोप शांत लागते, आणि उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्याचे काम पाय करतात. ताट म्हणजे नांगरट, पळणे म्हणजे कोळपणी. कोळपणी सोडली की तण पुन्हा माजते.

एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 उष्मांक. म्हणून घाई उपयोगाची नाही. 2023 च्या डिसेंबरात, म्हणजे बावीस-तेवीस महिन्यांनी, माझे वजन 74 किलो झाले. तीस किलो उतरले. मध्ये दोनदा दीड-दोन महिने काटा हललाच नाही. पाऊस ओढ देतो तसेच ते. पेरणी मोडायची नसते. साखरेची तपासणी 5.5 वर आली. आज वजन 75-76 च्या घरात आहे. गावात मात्र बातमी वेगळीच होती. सदरे ढगळ झालेले पाहून "साहेबांना काहीतरी मोठं दुखणं झालंय" असे पसरले आणि एक सदस्य केळी-सफरचंदे घेऊन भेटायला आले. त्यांना चरांच्या पाहणीला सोबत नेले. वर पोचल्यावर धाप त्यांना लागली होती. पुढच्या सोमवारी ते कालव्यावर चालायला आले.

भगिनींना एक विनंती. घरात सगळ्यांत शेवटी जेवणारी बाई उरलेसुरले वाया जाऊ नये म्हणून स्वतःच्या पोटात टाकते, आणि वजन वाढले की बोल तिलाच लागतो. उरलेले गोठ्यात द्या, तुमचे पोट काही उकिरडा नाही. आणि पहाटे शेजारणी-शेजारणींनी मिळून चालायला निघा. चौघी असल्या की कोणी नावे ठेवत नाही.

दोन इशारेही देतो. ऊसतोड, खुरपणी, हमाली असे अंगमेहनतीचे काम करणाऱ्याने ताट कमी करू नये. त्याला पोटभर आणि सकस लागते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनेही नाही. आणि ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे, छातीत दुखते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण उतरवू नये की पळू नये. साखर एकदम खाली जाऊ शकते.

बाकी सगळ्यांनी एवढे करावे. येत्या रविवारी घरातल्या प्रत्येकाची कंबर टेपने मोजा आणि आकडे तारखेसह भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. महिन्याचे तेल किती लागते आणि जेवणारी तोंडे किती, याचा भागाकार करा. मग ज्याचे जेवढे काम, तेवढे त्याचे ताट ठरवा. गाईम्हशींसाठी जेवढी अक्कल आपण रोज वापरतो, तेवढीच माणसांसाठी लागते. त्याहून जास्त नाही.