कल्याणपुढची दोन चाके

मुंबईकराच्या लेखी जग कल्याणला संपते. कल्याणनंतर लोकलला दोन फाटे फुटतात, एक कसाऱ्याकडे जातो आणि दुसरा कर्जतकडे, एवढे तो ऐकून असतो. त्या कर्जतच्या फाट्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके ओळीने उभी आहेत, हे त्याला कुणी मावसभाऊ स्वस्तात जागा घेऊन तिकडे राहायला गेला म्हणजे कळते. मग ‘फार लांब बुवा!’ असा उद्गार काढून तो मोकळा होतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ ६० किलोमीटर आणि बदलापूर ६८. लांब खरेच. पण कुठून लांब, हा प्रश्न उरतोच. चंदेरीच्या सुळक्यापासून पाहिले तर मुंबईच फार लांब आहे!

ही तिन्ही गावे सख्खी शेजारी, पण स्वभाव तिघांचे तीन. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधली घरेदारे टाकून आलेल्या लाखाच्या घरातील निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि ‘कल्याण कॅम्प’चे उल्हासनगर झाले. गाव शहर झाले, पण पत्ता सांगताना माणूस अजून ‘कॅम्प तीन’ नाहीतर ‘कॅम्प पाच’ असेच सांगतो. ज्यांनी हाती काही नसताना पुन्हा संसार मांडला, त्यांच्या नातवंडांच्या दुकानांतून आज निम्म्या ठाणे जिल्ह्याचे संसार मांडले जातात. कपाट, पलंग, सोफा घ्यायचा तर उल्हासनगर, आणि जीनची विजार घ्यायची तरी उल्हासनगरच.

अंबरनाथ वयाने फार वडील. वालधुनीच्या काठावरचे तिथले शिवालय शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे, शिलाहारांच्या राजवटीतले. इतर देवळांत देवाकडे चढून जायचे असते, इथे वीसेक पायऱ्या उतरून जायचे. गाभाऱ्यावर शिखराचे टोक नाही, वर पाहिले की आभाळ दिसते. याच गावाने विसाव्या शतकात कारखाने पाहिले. काड्यापेट्यांचा कारखाना बंद पडला, पण ‘विम्को नाका’ हे नाव राहिले. रसायनांचे कारखाने आजही आहेत, आणि हजार वर्षे देवाचे पाय धुणाऱ्या वालधुनीला ते चांगलेच भोवले आहेत.

बदलापूरचे नाव पूर्वी इथे प्रवासी घोडे बदलत म्हणून पडले, अशी आख्यायिका आहे. व्युत्पत्तिशास्त्राला ती मानवो न मानवो, गावाला ती आवडते. उल्हास नदी इथून जाते, आणि पावसाळ्यात कधी कधी गावातूनच जाते. २६ जुलै २००५ चा पूर लोक अजून घराच्या भिंतीवर हात ठेवून दाखवतात. जुलै २०१९ मध्ये तर बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारभर उतारूंना होड्यांतून बाहेर काढावे लागले. एरवी मात्र या नदीसारखी गरीब नदी नाही. पलीकडे चंदेरी, म्हैसमाळ, नवरा-नवरीचे सुळके, तावलीचा डोंगर आणि मलंगगड, असा सगळा गोतावळा पाठीशी घेऊन गाव बसले आहे.

या डोंगरांच्या पायथ्याच्या पायवाटांवर रविवारी पहाटे एक नवीच जमात दिसू लागली आहे. डोक्यावर टोपलीसारखे शिरस्त्राण, अंगाला चिकटलेले रंगीबेरंगी कपडे, आणि खाली जाडजूड टायरांची सायकल. मीही अलीकडे त्या जमातीच्या शेपटाला लागलो आहे. शेपटाला म्हणतो ते शब्दशः. माझ्या मागे कुणी नसते. पण चढावर मागे राहणाऱ्याचा एक फायदा असा, की तो पोचेपर्यंत मंडळी चहाला बसलेली असतात आणि गप्पा रंगात आलेल्या असतात. मला सायकलीपेक्षा या गप्पांचेच व्यसन लागले आहे.

आमच्यात कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. बदलापूरचे एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या सायकलीची चाके २९ इंची आणि ब्रेक तेलावर चालणारे. उल्हासनगरचे फर्निचरवाले शेठ आहेत. त्यांची सायकल सगळ्यांत महाग आणि वेग सगळ्यांत कमी. अंबरनाथचे एक बँकेतले गृहस्थ, कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका, आणि शेठच्याच गल्लीत दुसऱ्या दुकानी पॉलिशचे काम करणारा एकोणीस वर्षांचा एक पोरगा. त्याला सगळे ‘सिंगल’ म्हणतात. लग्न झाले नाही म्हणून नव्हे, त्याच्या सायकलीला एकच गिअर आहे म्हणून.

गप्पांना सुरुवात होते हवेपासून. बाहेरच्या नव्हे, टायरातल्या. डॉक्टरांच्या मते ट्यूबलेस टायरात २५ पौंड हवा पुरे. टायर मऊ राहिला की दगडाला धरतो. बँकवाले ३५ च्या खाली यायला तयार नसतात. त्यांनी बाभळीचे काटे पाहिलेले असतात. मग दात्यांचा हिशेब निघतो. साध्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८. पॅडलचा एक फेरा मारला की चाक जवळजवळ अडीच फेरे फिरते. डोंगरी सायकलीला पुढे ३२ आणि मागे सर्वांत मोठे चक्र ४२ दात्यांचे. त्यावर साखळी चढवली की पॅडलच्या एका फेऱ्यात चाक फक्त पाऊण फेरा फिरते. पाय भराभर फिरतात, सायकल मुंगीच्या पावलांनी चढते, पण चढते. ‘सिंगल’ तोच चढ उभा राहून, दात-ओठ खाऊन चढतो आणि वर जाऊन आमची वाट पाहतो. त्याच्यापुढे दात्यांचा विषय कुणी फार ताणत नाही.

मराठीचा अध्यापक असल्यामुळे माझे कान शब्दांकडे असतात. चाक डगमगू लागले की स्पोक आवळून ते सरळ करायचे, याला आपल्याकडे ‘आउट काढणे’ म्हणतात. शब्द इंग्रजी, पण हा वाक्प्रयोग कुठल्याही इंग्रजाला कळायचा नाही. ‘छर्रे बदलणे’, ‘फ्रीव्हील खाणे’, ‘हाफ पॅडल मारणे’ ही सगळी आपल्या सायकलवाल्या मिस्त्रींनी मराठीत घातलेली भर. डॉक्टर ‘सस्पेन्शन फोर्क’ म्हणतात तेव्हा काका त्याला शांतपणे ‘चिमटा’ म्हणतात, आणि दोघांचेही बरोबर असते.

या सायकलीचा उगम कुठला, यावर एकदा वाद झाला. शेठ म्हणाले, जर्मनीचा. खरी हकिकत अशी की १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही पोरांनी भंगारातल्या, जाड टायरांच्या जुन्या सायकली घेतल्या आणि डोंगरावरून बेफाम खाली सोडल्या. उतारावर मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की त्यातले ग्रीस जळून जाई. खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. म्हणून १९७६ पासून तिथे भरू लागलेल्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची ही त्याच टोळीतली नावे. पुढे १९८१ मध्ये कारखान्यात थोकाने बनवलेली अशी सायकल बाजारात आली आणि भंगाराचा खेळ पैसेवाल्यांचा झाला. हे ऐकून ‘सिंगल’ एवढेच म्हणाला, “म्हणजे सर, पहिली सायकल माझ्यासारखीच होती.”

सायकलीवरून गाडी मोटारीवर जाते. आपल्या मध्यमवर्गीय माणसाचा मोटारीविषयी पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ हा असतो. आमच्या मंडळींचा असतो, ‘मागे सायकल बसते का?’ सीएनजीची टाकी डिकी अडवते, म्हणून बँकवाल्यांनी स्वस्त इंधनावर पाणी सोडले. डॉक्टरांनी तर मोटारीच्या पाठीला लावायचे, तीन सायकली टांगता येतील असे कॅरिअर आणले. गणपती झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते कॅरिअर आमच्यात आले, आणि त्याबरोबर भांडणही.

बारवी धरणाच्या रस्त्यावर आम्ही चहाला थांबलो होतो. बदलापूर मागे टाकले की हा रस्ता झाडीत शिरतो. त्या दिवशी उन्हाला ओला वास होता, रस्त्याकडेला तेरडा फुलला होता. डॉक्टर म्हणाले, “पुढच्या रविवारपासून आपण इथेच भेटू. सायकली गाडीवर टाकायच्या आणि थेट इथे यायचं. कल्याण-बदलापूर रस्त्यावर सायकल चालवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.”

यात खोटे काही नव्हते. पहाटेच्या अंधारात त्या रस्त्यावर कंटेनर सुसाट असतात आणि पावसाळ्यानंतर खड्डे कुठे आहेत ते खड्ड्यात गेल्यावरच कळते. मागच्याच वर्षी बँकवाले तिथे पडले होते. शिरस्त्राणाला तडा गेला, डोके वाचले. त्यांनी लगेच मान डोलावली. “मुलीला शब्द दिलाय मी,” ते म्हणाले, “पुन्हा त्या रस्त्याला जाणार नाही म्हणून.”

शेठची मोटार आहे, बँकवाल्यांची आहे, डॉक्टरांची आहे. काकांची नाही. ‘सिंगल’ची तर असण्याचा प्रश्नच नव्हता. तो बशीतला चहा फुंकत होता. कुणी त्याच्याकडे पाहिले नाही, आणि कुणी पाहत नाही हे त्याच्या ध्यानात आले होते.

“मग आमचा रामराम समजा,” काका म्हणाले.

“काका, तुम्हाला मी घेईन ना!” डॉक्टर म्हणाले.

“मला घ्याल हो. कॅरिअरवर जागा तिघांची. तुमची एक, बँकेची एक, माझी एक. याचं काय?” काकांनी पेला खाली ठेवला. “डॉक्टर, मी तीस वर्षं याच रस्त्यानं सायकलीवर कामाला गेलो. भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा निघायचा. ट्रकवाला मुकाट्यानं मागून यायचा. तो काय सज्जन होता? आम्ही दोनशे होतो म्हणून थांबायचा. आता तुम्हीही गाडीत बसलात, तर रस्त्यावर हा एकटा राहील. आज कंटेनरवाल्याला पाच दिवे दिसतात, उद्या एकच दिसेल.”

कुणी काही बोलले नाही. बँकवाले आपल्या गुडघ्यावरच्या जुन्या खुणेकडे पाहत होते. त्यांनी मुलीला दिलेला शब्द खरा होता, आणि काकांचे म्हणणेही खरे होते. अशा वेळी एका बाजूचा माणूस खोटा असता तर किती सोपे झाले असते!

तोड काढली ती शेठनी, धंदेवाल्याच्या डोक्याने. “साईं, गाडी आहे ना? मग गाडीला कामाला लावा. दर रविवारी एकानं गाडी चालवायची. पुढं नाही, मागं. लाल दिवे लावून, सायकलीच्या चालीनं. कंटेनर आला तर आधी गाडी दिसेल. बदलापूर गेलं की त्यानंही सायकल उतरवायची.”

“म्हणजे पेट्रोल जाळून सायकल चालवायची?” डॉक्टर म्हणाले.

“तीन गाड्या रिकाम्या पळवण्यापेक्षा एक बरी!”

हिशेब बिनतोड होता. बँकवाल्यांनी पहिली पाळी मागून घेतली. मोटार चालवणार म्हणजे मुलीचा शब्द मोडत नव्हता. डॉक्टरांनी थोडे आढेवेढे घेतले, मग दुसरी पाळी त्यांची ठरली. तोवर ‘सिंगल’ उठून मोटारीपाशी गेला होता. कॅरिअर हलवून पाहत त्याने हाक दिली, “डॉक्टर, पान्हा आहे का? याचा खालचा नट ढिला आहे. बंपरवर पडलं असतं.” डॉक्टर लगबगीने पान्हा घेऊन गेले. पुढची दहा मिनिटे दोघे मोटारीमागे उकिडवे बसून नटाविषयी बोलत होते. मघाचा विषय दोघांनीही काढला नाही.

या गोष्टीला दोन महिने होत आले. व्यवस्था अजून चालू आहे. एका रविवारी पाळीवाला उठलाच नाही, तेव्हा आम्ही तासभर उशिरा, उजेडात निघालो. रस्ता काही सुधारलेला नाही. उलट परिसराचा चेहराच बदलतो आहे. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गासाठी बदलापूरजवळच्या भोजपासून पनवेलकडच्या मोर्ब्यापर्यंत डोंगर पोखरून चार किलोमीटरांहून लांब जुळे बोगदे काढले आहेत. जिथे आम्ही चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन जात होतो, तिथे उद्या वीस-वीस मजली इमारती उभ्या राहतील आणि त्यांतल्या नव्या बिऱ्हाडकरूंना कुणी तरी ‘फार लांब बुवा!’ म्हणेल. त्यांच्या पोरांना डोंगराकडे जायला एखादी पायवाट उरावी, एवढीच इच्छा.

वाचकहो, दिवाळीची सुट्टी आहे, हवेत गारवा आला आहे. एखाद्या रविवारी पहाटेची कर्जत लोकल पकडून या. अंबरनाथला उतरा, वालधुनीकाठच्या देवाला पायऱ्या उतरून नमस्कार करा, आणि मग बारवीच्या रस्त्याला लागा. सायकल भारी असलीच पाहिजे असे नाही. माडीवर धूळ खात पडलेली चालेल. फक्त आउट काढून घ्या, ब्रेक पाहा, आणि टायरात हवा किती भरावी हे आमच्यापैकी कुणालाही विचारू नका. चहा गार होईल, पण त्या प्रश्नाचा निकाल लागणार नाही.