दुपारचा चहा, बाहेरचा

हैदराबादला दवाखान्यात जाणाऱ्या आमच्या राजुऱ्याच्या बायका मला दोन गोष्टी हमखास विचारतात. उतरायला स्वस्त जागा कुठे, आणि दुपारी चहा कुठे घ्यायचा? पहिलं कोणीही सांगेल. दुसरं मात्र आमच्या घरच्या पुरुषांना सांगता येत नाही, कारण त्यांना हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो.

हैदराबादच का, असं नागपूरकडच्या वाचकांना वाटेल. राजुरा १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होतं, आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ साली आम्ही नांदेडमध्ये आलो आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात. कागदावरचा जिल्हा बदलला, पण जुन्या सोयरिकी तशाच राहिल्या. रात्री बल्लारशाहून गाडीत बसलं की पहाटे सिकंदराबाद. आमच्या अनेक घरांत 'शहर' म्हटलं की आजही तेच.

अब्बांचं शिलाईचं दुकान बसस्थानकाच्या रस्त्यावर होतं. जोहरच्या नमाजनंतर अम्मी किटलीत चहा भरून द्यायची आणि मी तो पोचवायची. मी दहा वर्षांची झाले आणि एके दिवशी किटली धाकट्या भावाच्या हातात गेली. कोणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही. बसस्थानकावरच्या टपरीवर तेव्हा बाई दिसायची नाही. शेजारच्या काकू बुरखा घालत नव्हत्या, पण टपरीवर त्याही कधी थांबल्या नाहीत. सगळं खापर बुरख्यावर फोडणाऱ्यांना मी या काकूंची आठवण करून देते.

अम्मीने आयुष्यभर दुपारचा चहा केला. आधी घरच्यांना, मग दुकानाला, मग आल्यागेल्याला. स्वतःचा शेवटी, उभ्याने, ओट्याशी. बाहेरचा चहा तिने कधी घेतलाच नव्हता.

मागच्या हिवाळ्यात तिला बंजारा हिल्सच्या एल. व्ही. प्रसाद डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदूनंतरची तपासणी होती. डोळ्यांत औषध घातल्यामुळे तिला उजेड सोसवेना. काळा चष्मा लावून बाहेर पडलो तेव्हा दुपारचे अडीच झाले होते. सकाळपासून दोघींच्या पोटात काही नव्हतं. वाटेत एक जुनं इराणी हॉटेल दिसलं. आत शिरलो तोच वेटर म्हणाला, "फॅमिली उप्पर." वर गेलो तर टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या, पंखा बंद. खाली अर्धी टेबलं रिकामी होती. मी भांडायच्या तयारीत होते. अम्मी म्हणाली, "चल, घर जा के पिएँगे." घर तीनशेहून जास्त किलोमीटरवर!

मी हट्टाने रिक्षा केली आणि तिला चारमिनारला नेलं. मक्का मशिदीला लागून निमरा कॅफे आहे. तिथे 'उप्पर' नाही, खालीच सगळं. लोक बाहेर उभे राहून पितात. कॉलेजच्या पोरी, बांगड्यांच्या खरेदीला आलेल्या बुरखेवाल्या बायका, कॅमेरे लटकवलेले पाहुणे, हमाल, सगळे एकाच गर्दीत. कोणी कोणाकडे बघत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष कप सांडू नये याकडे असतं.

"अम्मा, क्या होना?" पोऱ्याने तिलाच विचारलं. ती माझ्याकडे बघू लागली. मी मुद्दाम चारमिनारकडे बघत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "दो चाय. और वो बिस्कुट."

ती बिस्किटं उस्मानिया, थोडी गोड, थोडी खारट. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाची. इराणी चहा आपल्यासारखा एकाच पातेल्यात उकळत नाहीत. चहापत्तीचं पाणी झाकण घट्ट लावून मंद आंचेवर बराच वेळ शिजतं. दूध वेगळं आटत असतं. दोन्हींची गाठ कपातच पडते. अम्मीने पहिला घोट घेतला आणि जाणकारासारखं सांगितलं, "दूध बहोत देर पकाए." मग साखर जास्त असल्याची तक्रार केली. मग आणखी एक कप मागवला.

चष्म्याआडून तिला चारमिनार धूसरच दिसत होता. बायका मात्र दिसत होत्या. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "ये सब रोज आती क्या?" मी म्हटलं, येत असतील. ती पुढे काही बोलली नाही.

तर बायांनो, उत्तर असं. गाडीतून उतरल्या उतरल्या चहा हवा असेल तर सिकंदराबाद स्टेशनासमोर अल्फा आहे. गुडघे दुखत असतील तर लकडी का पूलजवळ, निलोफर दवाखान्याच्या बाजूला कॅफे निलोफर. त्याच्या नव्या शाखांत ऐसपैस बसता येतं. निलोफर म्हणजे निजामाची सून. तिची दासी बाळंतपणात गेली, त्या दुःखातून बायका-मुलांसाठीचा तो दवाखाना उभा राहिला. आणि उभं राहायची तयारी असेल तर निमरा, जोहर आणि असरच्या मध्ये. कोणी 'उप्पर' म्हणालं, तर खाली टेबल रिकामं आहे का ते आधी बघा आणि तिथेच बसा. मी त्या दिवशी बसले नाही, याची रुखरुख अजून आहे.

असरची अजान झाली तशी मी पर्स उघडली. अम्मीने माझा हात धरला. "नक्को. पैसे मैंच देती." आपल्या मराठीतला 'नको' आणि 'च' दख्खनीत कधीचे राहायला गेलेत, त्यामुळे पोऱ्याला नीट समजलं. रुमालाची गाठ सोडून तिने नोटा मोजल्या, उरलेले सुटे पुन्हा मोजून घेतले.

राजुऱ्याला परतल्यावर तिने हे कोणालाच सांगितलं नाही. भावाने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? ती म्हणाली, "अच्छा दिखरा बोले." आणि चहा ठेवायला आत गेली.