मुक्ता, वाडा मातीचाच कर

चि. मुक्ता,


परवाचा तुझा व्हॉइस मेसेज मी तीनदा ऐकला. विचारलंस एवढंच, की पानशेतच्या पुराच्या फिल्मसाठी वाड्याचं मॉडेल कितव्या हिश्शाचं करू. पण शेवटी हसत हसत म्हणालीस, की मॉडेल नाहीच जमलं तर खडकवासल्यातून पाणी सोडतील तेव्हा रात्री अन्वयला नदीपात्रात उभं करू. त्या वाक्यानं माझी झोप उडाली. ताईला मी हे सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस, कारण ते होणारच नाहीये.

आधी तुझं उत्तर. सोळाव्या हिश्शाचा वाडा नको. भिंत लहान करता येते, पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. पाच मिलिमीटरचा थेंब त्या वाड्यापुढे मोसंब्याएवढा दिसेल. चौथ्या हिश्शाचा कर. जागा पुरत नसेल तर दिंडीदरवाजा, ओटा आणि रस्त्याकडची एक भिंत बास झाली. वेगाचं गणित वर्गमुळाचं: चौथा हिस्सा, म्हणून दुप्पट वेग, 24 ऐवजी 48 फ्रेम्स. कॅमेरा जमिनीपासून सव्वा फुटावर ठेव, म्हणजे रस्त्यातल्या माणसाच्या डोळ्यांनी दिसेल. पाणी पिंपातून एकदम लोट आणि त्यात माती कालव. पुराचं पाणी कधी नितळ असतं का?

आणि थर्मोकोल कसला आणतेस? तो तरंगतो गं! पूर आल्याबरोबर तुझा वाडा होडीसारखा निघून जाईल.

12 जुलै 1961, पुराचा दिवस. मी सात वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर अप्पा आम्हाला घेऊन परतले तेव्हा आमचा वाडा उभा होता, म्हणून आजीनं हात जोडले. संध्याकाळी आमच्या डोळ्यांदेखत रस्त्याकडच्या भिंतीच्या गिलाव्याला पोट आलं. तळातून पांढऱ्या मातीची दुधाळ धार सुटली. आणि चहात बुडवलेलं बिस्किट बसावं तशी अख्खी भिंत बसली. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. वरची तुळई तेवढी तशीच राहिली, तिच्या खुंटीला अप्पांची छत्री.

हे कॉम्प्युटरवर कोण करून देणार तुला? ज्यानं ती भिंत पाहिली नाही त्याला आधी गिलावा फुगतो हे सुचायचं नाही. मातीला ते शिकवावं लागत नाही. म्हणून वर्षानुवर्षं तुम्हा पोरांच्या मागे लागतो, की जे दाखवायचं ते भिंगासमोर घडू द्या. फाळक्यांनी 1912 मध्ये कुंडीतलं वाटाण्याचं रोप फ्रेम फ्रेम करून टिपलं. बघणाऱ्याला ती जादू वाटेल, पण रोप खरंच वाढत होतं. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मधला डोह बघ पुन्हा. कृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी बघ. शंभर वर्षं उलटून गेली तरी ती पोर नजर हटू देत नाही.

पण भिंगासमोर घडवायचं म्हणजे माणूस पाण्यात लोटायचा नव्हे! अन्वयला पोहता येतं हे मला सांगू नकोस. सोडलेल्या पाण्यात पोहणारेच जातात. त्याला गच्चीवर, गुडघाभर पाण्याच्या हौदात उभा कर, मागे काळं कापड लाव. आणि दिवे? ओल्या फरशीवर एक्स्टेन्शन बोर्ड टाकलेला मी एका सेटवर पाहिलाय. हॅलोजनचा स्टँड सरकवायला गेलेला आमचा मदतनीस त्याला चिकटला. लाकडी फळीनं ढकलून सोडवला, पण उजव्या हाताची दोन बोटं कायमची गेली. बॅटरीवरचे एलईडी भाड्यानं घे. पैसे मी देईन, ताईकडे मागू नकोस.

शनिवारी सकाळी येतोय. दोन पोती पांढरी माती, भुसा आणि जुनी कौलं आणतो. त्याआधी अन्वय नदीत उतरणार नाही, एवढं एका ओळीत लिहून पाठव. तोवर मला चैन पडायची नाही.

तुझा,
मामा