वरची ओळ

आलेखात दोन ओळी उमटल्या तेव्हा मी घाबरले. वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

मी वाणिज्य शाखेची. बँकेतून निवृत्त झाल्यावर आकाशाचं वेड लागलं. गाया या युरोपीय अवकाशदुर्बिणीची मोजमापं कुणालाही फुकट उतरवून घेता येतात, हे भाचीने सांगितलं. "मावशी, कृत्तिकांपासून सुरुवात कर," म्हणाली. कृत्तिका या तारकागुच्छाच्या आसपासचे तारे घेतले. त्यांतले साधारण 440 प्रकाशवर्षांवरचे आणि एकाच दिशेला, एकाच वेगाने सरकणारे तेवढे ठेवले. बाकीचे पुढचे-मागचे वाटसरू. काही शे उरले. आडव्या अक्षावर रंग, उभ्यावर तेज. सगळे एकाच ढगातून जन्मलेले, आपल्यापासून सारख्याच अंतरावर, म्हणजे एका रंगाला एकच तेज हवं. तशी बारीक ओळ आलीही. पण तिच्या वर, तिला समांतर, आणखी एक विरळ ओळ.

दोन संध्याकाळी मी चूक शोधत बसले. ताळा जमला नाही तर आधी आपली बेरीज तपासायची, ही नोकरीतली सवय. अंतराच्या मर्यादा आवळल्या, शंकास्पद तारे वगळले. ओळ जागची हलेना. शेवटी दोन ओळींतलं अंतर मोजलं: पाऊण प्रत, 0.75. (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचं माप.)

भाचीने एवढंच विचारलं, "एका दिव्याशेजारी तसाच दुसरा लावला तर उजेड किती?"

दुप्पट. आणि दुप्पट तेज म्हणजे प्रतींच्या हिशेबात बरोबर 0.75! वरच्या ओळीतला प्रत्येक ठिपका म्हणजे एक तारा नव्हताच, तो जोडतारा होता. दोघांत सूर्य-नेपच्यूनएवढं अंतर असलं तरी इतक्या लांबून ते विकलेच्या पाचव्या हिश्शाएवढं दिसतं. गायालाही तो एकच ठिपका.

मग मी उत्साहाने वरचे ठिपके मोजले, म्हटलं, जोडतारे किती ते कळलं. तसं नव्हतं. जोडीदार निम्म्या वस्तुमानाचा असेल तर त्याचा उजेड मुख्य ताऱ्याच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शाएवढाच, आणि ठिपका जेमतेम शतांशांनी वर सरकतो. तो खालच्याच ओळीत मिसळून जातो. म्हणजे ज्यांना मी एकटे समजत होते त्यांच्यातही जोड्या दडलेल्या. सूर्याच्या शेजारच्या, 25 पार्सेकच्या आतल्या 454 सूर्यासारख्या ताऱ्यांची कसून तपासणी दीपक राघवन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत 44 टक्क्यांना सोबती निघाले. तारकागुच्छात इतक्या जवळून पाहणं जमत नाही. वरची ओळ मोजायची, दडलेल्यांचा अंदाज त्यात मिळवायचा. म्हणूनच एकाच गुच्छासाठी वेगवेगळे आकडे वाचायला मिळतात. आधी त्याचा मला राग यायचा. आता मी आकड्याआधी एक गोष्ट शोधते: किती जड सोबत्यापर्यंत मोजलं आहे?

लहानपणी आजीने कृत्तिकांत कार्तिकेयाच्या सहा माता मोजायला शिकवल्या होत्या. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या त्या सहांतला ॲटलस हा तारासुद्धा दुहेरी आहे. दोघे 291 दिवसांत एकमेकांभोवती फेरी पुरी करतात. हिपार्कोस उपग्रहाच्या 1997 च्या यादीवरून कृत्तिका सुमारे 385 प्रकाशवर्षांवर येत होत्या आणि त्यावर मोठा वाद होता. 2004 मध्ये पॅन, शाओ आणि आपल्या कुरुंदवाडात जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांनी याच जोडीच्या कक्षेवरून अंतर काढलं: 133 ते 137 पार्सेक, म्हणजे 434 ते 447 प्रकाशवर्षं. गायाने पुढे तेच खरं ठरवलं. मी ज्या जोड्यांना चूक समजून पुसायला निघाले होते, तशाच एकीने अख्ख्या गुच्छाचं अंतर दुरुस्त केलं होतं!

आता वरच्या ओळीच्याही वर तीन-चार ठिपके आहेत. तीन सारखे तारे एकत्र असतील तर ठिपका 1.19 प्रतींनी वर जायला हवा. काल रात्री त्यांतला पहिला मोजला. 1.1 आलं. आज त्याचं अंतर आणि सरकण्याची दिशा पुन्हा तपासायला घेतली आहे, गुच्छाबाहेरचा असेल तर आधी ते कळायला हवं.