कॅमेऱ्यापुरता न्याय

फेब्रुवारी 2014 मध्ये अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये बाल्टिमोर रेव्हन्स संघाचा खेळाडू रे राइस याने आपल्या होणाऱ्या बायकोला ठोसा मारून बेशुद्ध केले. चारच दिवसांत एक चित्रफीत बाहेर आली. तिच्यात राइस शुद्ध हरपलेल्या त्या स्त्रीला लिफ्टबाहेर ओढताना दिसत होता. मार्चमध्ये त्याच्यावर आरोप ठेवले गेले, मे महिन्यात खटल्याऐवजी सुधारणा-कार्यक्रमाची मुभा मिळाली, आणि जुलैच्या अखेरीस नॅशनल फुटबॉल लीगने, म्हणजे एनएफएलने, त्याला दोन सामन्यांसाठी निलंबित केले. 8 सप्टेंबरला लिफ्टच्या आतली चित्रफीत प्रसिद्ध झाली आणि त्याच दिवशी संघाने त्याला काढून टाकले, लीगने बेमुदत निलंबित केले. नोव्हेंबरमध्ये माजी फेडरल न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी लवाद म्हणून ही दुसरी शिक्षा रद्द केली. राइसने लीगची दिशाभूल केलेली नव्हती, एकदा शिक्षा दिलेल्या कृत्यासाठीच पुन्हा शिक्षा देणे मनमानीचे होते, असे त्यांनी म्हटले. जुलै ते सप्टेंबर या काळात त्या ठोशाची ताकद वाढली नव्हती, त्या स्त्रीची इजाही वाढली नव्हती. वाढली होती ती फक्त पाहणाऱ्यांची संख्या.

व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधल्या शिस्तीबद्दल बोलताना लोक तिच्यातल्या विसंगतीवर बोट ठेवतात. सारख्या गुन्ह्याला कधी एक सामना, कधी दहा, कधी काहीच नाही. ही तक्रार खरी आहे, पण अपुरी आहे. मला वाटते, या निर्णयांमागे एक सुसंगत मोजपट्टी आहे आणि खरा दोष त्या मोजपट्टीतच आहे. लीगचा प्रमुख, कमिशनर, हा 32 संघांच्या मालकांनी नेमलेला असतो. 2006 पासून हे पद रॉजर गुडेल यांच्याकडे आहे. खेळाडूला शिक्षा देण्याचा कमिशनरचा अधिकार ज्या तत्त्वावर उभा आहे ते असे: खेळाची सचोटी आणि खेळावरचा लोकांचा विश्वास यांना बाधा आणणारे वर्तन शिक्षेस पात्र. या तत्त्वात मार खाणाऱ्या माणसाला जागा नाही. त्यात दुखावली जाते ती लीग. अशा पायावर उभी असलेली व्यवस्था कृत्य मोजण्याऐवजी स्वतःची झालेली नाचक्की मोजू लागते, आणि मग एकाच ठोशाला जुलैमध्ये एक किंमत येते, सप्टेंबरमध्ये दुसरी.

राइसचे प्रकरण अपवाद असते तर एक चूक म्हणून सोडून देता आले असते. पण 2015 मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा किकर जॉश ब्राउन याला पत्नीवरच्या हिंसाचाराच्या आरोपावरून अटक झाली आणि 2016 मध्ये लीगने त्याला एका सामन्याची शिक्षा दिली. त्या ऑक्टोबरमध्ये पोलिसांची कागदपत्रे जाहीर झाली आणि पत्नीचा छळ केल्याची त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली कबुली लोकांनी वाचली. त्यानंतर संघाने त्याला सोडले आणि पुढच्या वर्षी आणखी सहा सामन्यांचे निलंबन आले. कॅन्सस सिटी चीफ्सचा करीम हंट याने फेब्रुवारी 2018 मध्ये क्लीव्हलंडच्या एका हॉटेलात एका स्त्रीला धक्के दिले, लाथ मारली. पोलिसांना त्याच दिवशी बोलावले गेले होते. तरी तो त्या हंगामात 11 सामने खेळला. 30 नोव्हेंबरला चित्रफीत बाहेर आली आणि त्याच संध्याकाळी तो संघाबाहेर होता. नंतर त्याला आठ सामन्यांची शिक्षा झाली. ग्रेग हार्डी या खेळाडूला 2014 मध्ये एका न्यायाधीशाने स्त्रीवरच्या हिंसाचारासाठी दोषी ठरवले होते, पण ज्यूरीसमोरच्या फेरसुनावणीला तक्रारदार स्त्री आली नाही आणि आरोप मागे घेतले गेले. डॅलस काउबॉइजने त्याच्याशी करार केला आणि लीगने दिलेली दहा सामन्यांची शिक्षा अपिलात चारवर आली. त्या स्त्रीच्या अंगावरच्या जखमांची छायाचित्रे नोव्हेंबर 2015 मध्ये छापून आली, तेव्हा कुठे लोकांना ते प्रकरण पुन्हा आठवले. चारही प्रकरणांत घटना आधीच माहीत होती. माहिती पुरेशी ठरली नाही. संतापाला कारण लागले ते दृश्याचे किंवा लेखी कबुलीचे.

याच लीगने इतर गुन्ह्यांना लावलेली किंमत शेजारी ठेवली की ही मोजपट्टी आणखी स्पष्ट होते. राइसला दोन सामने मिळाले त्याच उन्हाळ्यात क्लीव्हलंड ब्राउन्सच्या जॉश गॉर्डनला गांजाच्या चाचणीवरून वर्षभर निलंबित करण्यात आले. नवे अमली पदार्थ धोरण आल्यावर ते दहा सामन्यांवर आले. चेंडूतली हवा कमी करण्याच्या कटाची त्याला बहुधा कल्पना होती, एवढ्या निष्कर्षावर टॉम ब्रेडी या खेळाडूला चार सामने बाहेर बसावे लागले. कॅल्विन रिडलीने सामन्यांवर पैज लावली म्हणून 2022 चा अख्खा हंगाम गमावला. सट्टेबाजी खेळाच्या मुळावर घाव घालते हे मला मान्य आहे, आणि तिला कडक शिक्षा असण्याला माझा विरोध नाही. पण या तिन्ही गोष्टी एका बाबतीत सारख्या आहेत. त्यांची झळ लीगच्या मालाला बसते, आणि तिथे लीगला शिक्षेचा आकडा ठरवताना अडखळायला होत नाही. एखाद्या स्त्रीच्या जबड्याचा प्रश्न आला की मात्र तीच लीग परिस्थितीची गुंतागुंत सांगू लागते.

मैदानावरच्या हिंसेतही हाच घोटाळा वेगळ्या रूपात दिसतो. हा खेळ टकरीचा आहे, तिथे अंग आदळणे हे कामच आहे. म्हणूनच खेळाच्या आतली टक्कर आणि खेळाबाहेरचा हल्ला यांत फरक करणे हे शिस्तीचे पहिले कर्तव्य ठरते. डिसेंबर 2017 मधला एक आठवडा पाहा. न्यू इंग्लंडचा रॉब ग्रॉन्कोव्स्की याने खेळ थांबल्यावर, जमिनीवर पालथ्या पडलेल्या ट्रेडेव्हियस व्हाइटच्या डोक्यावर मागून झेप घेऊन हात आदळला. व्हाइटच्या मेंदूला धक्का बसला. दुसऱ्या दिवशी पिट्सबर्गच्या जूजू स्मिथ-शूस्टरने चालू खेळात व्हॉन्टाझ बर्फिक्टला जबर धडक दिली आणि पडलेल्या बर्फिक्टवर उभा राहून तो त्याला हिणवू लागला. दोघांनाही एक-एक सामना. त्याच सामन्यात हेल्मेटने धडक देणाऱ्या जॉर्ज इलोकाचे निलंबन अपिलात जाऊन दंडावर निभावले. आधीच्या आठवड्यात मैदानावर गुद्दागुद्दी करणाऱ्या दोघांची शिक्षाही दोन सामन्यांवरून एकवर आली होती. पडलेल्या, बेसावध माणसावरचा हल्ला आणि चालू खेळातली मर्यादा ओलांडणारी धडक यांना एकच दर लागला, म्हणजे हेतू, वेळ आणि धोका या तिन्हींचा हिशेब झालाच नाही. 2019 मध्ये माइल्स गॅरेटने प्रतिस्पर्ध्याचे हेल्मेट उपटून त्याच्याच डोक्यात मारले, तेव्हा बेमुदत निलंबन आले, ते सहा सामन्यांचे ठरले. ती शिक्षा योग्यच होती. पण गुरुवारच्या रात्री, साऱ्या देशापुढे, शेवटच्या काही सेकंदांत तो प्रसंग घडला नसता तर तिचा आकडा काय असता, हा प्रश्न पडावा इतपत आधीचा इतिहास बोलका आहे.

यावर पहिला आक्षेप असा की प्रत्येक प्रकरण वेगळे असते; ठरावीक दरपत्रक लावले तर न्याय यांत्रिक होईल. वेगळेपण मला मान्य आहे. जुना इतिहास असलेला खेळाडू आणि पहिल्यांदा चुकलेला खेळाडू यांना सारखेच वागवू नये. बर्फिक्टला 2019 मध्ये उरलेल्या 12 सामन्यांसाठी बाहेर ठेवले गेले ते त्याच्या आधीच्या अनेक उल्लंघनांमुळे, आणि तो निर्णय समजण्याजोगा होता, कारण त्यामागचे कारण सांगितले गेले. विवेकाधिकाराला माझा आक्षेप नाही. आधारभूत शिक्षा ठरलेली असावी, तिच्यापासून दूर जाताना का गेलो ते लिहून सांगावे, आणि ते कारण पुढच्या प्रकरणातही लागू पडावे, एवढेच मागणे आहे. ऑगस्ट 2014 मध्ये गुडेल यांनी राइसच्या बाबतीत आपण चुकल्याचे मालकांना लिहून कळवले आणि घरगुती हिंसाचाराच्या पहिल्या गुन्ह्याला सहा सामन्यांची आधारभूत शिक्षा जाहीर केली. दोनच वर्षांत जॉश ब्राउनला एक सामना मिळाला. असा नियम नियम राहत नाही, ती फक्त घोषणा ठरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हिंसेचा न्याय करायला न्यायालये आहेत. लीग हा मालक आहे, त्याच्याकडे साक्षीदारांना बोलावण्याचा अधिकार नाही, मग त्याने या फंदात पडावेच कशाला? पण घरगुती हिंसेत न्यायालयात काय होते हे हार्डीच्या खटल्यात दिसते. तक्रार करणारी स्त्री अनेकदा त्या पुरुषावर अवलंबून असते, घाबरलेली असते, थकलेली असते. खटला उभा राहिला नाही म्हणजे मार बसला नाही, असे होत नाही. शिवाय लीगला शोध घेता येत नाही, हेही पूर्ण खरे नाही. इझिकियल एलियट या खेळाडूवर घरगुती हिंसेबद्दल सरकारी वकिलांनी आरोपच ठेवले नव्हते. तरी लीगने वर्षभराहून अधिक चौकशी करून 2017 मध्ये त्याला सहा सामन्यांची शिक्षा दिली. एलियटने आरोप नाकारले आणि न्यायालयात लढा दिला, अखेरीस शिक्षा भोगली. तो निर्णय बरोबर होता की नाही यावर मतभेद असू शकतात. पण इच्छा असली की चौकशी करता येते, हे त्यातून सिद्ध झाले. आणि ब्रेडीच्या प्रकरणात अपील न्यायालयाने स्पष्ट केलेच आहे की खेळाडू दोषी होता का, हे ठरवणे आपले काम नाही. कमिशनरने करारातल्या अधिकारात काम केले का, एवढेच आपण पाहतो. म्हणजे न्यायालय बाहेरून येऊन ही व्यवस्था सुधारणार नाही. ती आतूनच सुधारावी लागेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो, कारण तो सुसंगतीच्याच विरोधात जातो. डेशॉन वॉटसन या खेळाडूवर मसाज करणाऱ्या वीसहून अधिक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावले. त्याने आरोप नाकारले, दोन ग्रँड ज्यूरींनी त्याच्यावर खटला भरण्यास नकार दिला, आणि मार्च 2022 मध्ये क्लीव्हलंडने त्याला 23 कोटी डॉलरची पूर्ण हमी असलेला करार दिला. लीग आणि खेळाडू संघटना यांनी मिळून नेमलेल्या माजी न्यायाधीश सू रॉबिन्सन यांनी त्याने धोरण मोडल्याचे मान्य केले. लीगपुढे आजवर आलेल्या कोणत्याही प्रकरणापेक्षा हे वर्तन अधिक गंभीर असल्याचेही नोंदवले. तरी शिक्षा सहाच सामन्यांची दिली, कारण आजवरच्या सौम्य निर्णयांपासून लीगने पूर्वसूचना न देता एकदम दूर जाणे त्यांना न्याय्य वाटले नाही. लीगने अपील केले आणि अखेर 11 सामने व 50 लाख डॉलर दंडावर तडजोड झाली. सुसंगतीचा अर्थ जुन्या ढिलाईशी एकनिष्ठ राहणे असा होत असेल, तर ती सुसंगती काय कामाची, असे कोणीही विचारेल. माझ्या मते रॉबिन्सन यांचा तर्क बरोबर होता, आणि त्याची किंमत त्या स्त्रियांना मोजावी लागली ही लीगच्या आधीच्या वर्षांची जबाबदारी आहे. नियम कडक करायचे असतील तर ते आधी जाहीर करून करावेत. प्रकरण पेटल्यावर कडक होणे हा उपाय नाही. त्यात खेळाडूवर अन्याय होतो, आणि ज्या पीडितेचे प्रकरण पेटले नाही तिच्यावर त्याहून मोठा.

चेझारे बेक्कारिया या इटालियन विचारवंताने 1764 मध्येच मांडले होते की गुन्हा रोखते ती शिक्षेची खात्री, तिचे क्रौर्य नव्हे. एनएफएलने नेमके उलटे केले आहे. तिच्या शिक्षा कधी फार मोठ्या असतात, पण खात्रीच्या कधीच नसतात. दोन सामन्यांवरून बेमुदतीपर्यंतचा हेलकावा पाहणाऱ्या खेळाडूला एकच धडा मिळतो: दिसू नका. घरात मार खाणाऱ्या स्त्रीलाही त्याच हेलकाव्यातून संदेश जातो. तोंड उघडले तर एकतर काहीच होणार नाही, किंवा घराची कमाई एका रात्रीत बंद होईल. यांतले काय होईल हे तिच्या हातात नाही. ठरलेली, आधीपासून माहीत असलेली, मध्यम पण अटळ शिक्षा आणि तिच्याबरोबर सक्तीचा उपचार यांनी तिचे अधिक रक्षण होईल.

2020 च्या करारात पहिला निर्णय स्वतंत्र अधिकाऱ्याकडे गेला, ही खरी सुधारणा होती. पण अपील कमिशनर किंवा त्याने नेमलेल्या माणसाकडेच राहिले. शेवटचा शब्द नाचक्कीची झळ ज्याला बसते त्याच्याकडे असेल, तर पहिल्या शब्दाचे स्वातंत्र्य अर्धेच उरते. ते अपील बाहेर काढले पाहिजे, मैदानावरील आणि बाहेरील प्रत्येक निर्णयाची कारणे प्रसिद्ध केली पाहिजेत, आणि धोरणाच्या पहिल्याच वाक्यात लीगच्या प्रतिष्ठेआधी इजा झालेल्या माणसाचे नाव घेतले पाहिजे. कॅमेरा नसलेल्या लिफ्टमध्ये बसलेला ठोसाही तितक्याच जोराचा असतो. त्याला तीच शिक्षा मिळेल असे लीग आज सांगू शकत नाही, आणि जोवर ती हे सांगू शकत नाही तोवर तिच्या कडकपणाला शिस्त म्हणण्याचा अधिकार तिला नाही.