आधी जाणारा गंध

तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर कोलनवॉटरची पट्टी ठेवण्याची रीत एके काळी अनेक मराठी घरांतून होती. वाडग्यातल्या पाण्यात बाटलीतले चार थेंब पडत आणि आजाऱ्याची खोली क्षणभर निराळीच होऊन जाई. त्या थेंबांच्या मूळ कुळाचे माहेर फार दूर आहे.

इटलीच्या दक्षिण टोकाला, आस्प्रोमोंतेचे डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये, रेज्जो कालाब्रिया शहराच्या दोन्ही अंगांना एक चिंचोळी किनारपट्टी पसरली आहे. जगातल्या बर्गामोटचा फार मोठा वाटा या एवढ्याशा पट्टीतून येतो. आंबट नारिंग आणि लेमन जातीचे लिंबू यांच्या संकरातून हे फळ जन्मले. त्या लिंबाच्या पूर्वजांत महाळुंगही आहे. पिकले की ते पिवळेधमक दिसते, पण रस आंबट आणि कडवट. फोडी करून खाण्याचे हे फळ नव्हे. इतर फळांची जी साल टाकून द्यायची, तीच इथे सर्वस्व.

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तोडणी चालते. सालीतल्या बारीक ग्रंथींत तेल साठलेले असते. पूर्वी फळ अर्धे चिरून गर कोरून काढीत, साल हाताने स्पंजावर दाबीत आणि स्पंज भिजला की तो भांड्यात पिळीत. १८४४ साली निकोला बारिल्ला याने यंत्र केले आणि हातांचे हे काम हळूहळू सरले. निसर्गाचा हिशेब मात्र यंत्रालाही बदलता आला नाही. एक किलो तेलासाठी सुमारे २०० किलो फळे लागतात.

जोव्हान्नी मारिया फारिना हा इटालियन अठराव्या शतकाच्या आरंभी आजच्या जर्मनीतल्या कोलोन शहरी स्थायिक झाला. १७०८ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या नव्या सुगंधाची तुलना इटलीतल्या पावसानंतरच्या वसंतसकाळीशी केली होती. बर्गामोट त्या सुगंधाचा प्राण होता. बाटलीत भरली ती मायदेशाची सकाळ. तिला नाव दिले ते मात्र नव्या गावाचे.

सुगंधाच्या रचनेत बर्गामोट पहिल्याने भेटतो आणि पहिल्यानेच निघून जातो. त्यातली लिमोनीन, लिनॅलिल ॲसिटेट यांसारखी द्रव्ये हलकी. त्वचेच्या उबेने ती पाहता पाहता उडतात. मागे रेंगाळतात ती चंदनासारखी जड द्रव्ये.

कधी कधी त्याची एक खूणही मागे राही. या तेलात बर्गाप्टेन नावाचे द्रव्य असते. ते त्वचेवर असताना ऊन लागले की कातडी भाजल्यासारखी होऊन काळसर डाग उमटे. ज्या उन्हात फळ पिकले, त्याच उन्हाचा हा डाग. गंध केव्हाच गेलेला असे; डाग महिनोन्महिने राही. आता सुगंधासाठीच्या तेलातून ते द्रव्य बहुधा काढून टाकतात.

पट्टीचा वासही ताप उतरण्याच्या कितीतरी आधी उडून जाई. आई ती पुन्हा भिजवी, पिळी, कपाळावर ठेवी. पहाटे केव्हातरी ताप ओसरे. पुढे आयुष्यात कोठेतरी, अनोळखी माणसांच्या घोळक्यात, तोच वास अवचित भेटतो आणि कपाळावरचा तो हात आठवतो. हाताची ओळख पटेपर्यंत वास निघून गेलेला असतो.