मांडणी

वडील गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये ते फिटर होते. पेटीत कानशी, स्क्रायबर, सेंटर पंच, हातोडी, व्हर्नियर आणि नंबर ठोकलेला एक पितळी बिल्ला. टूलरूममधून अवजार घेताना हा बिल्ला खिळ्याला अडकवायचा आणि अवजार परत केलं की काढून घ्यायचा.

गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये मी ही अवजारं प्रथम मांडली ती लहान-मोठी अशी ओळीने. हार्डवेअरचं दुकान वाटलं. लोक पाहून पुढे गेले.

मग पुण्यातलं केळकर संग्रहालय आठवलं. दिनकर केळकरांनी 1920च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, वज्र्या, कुलपं. त्यांनी रोजच्या हाताळणीतल्या वस्तूंना मान दिला. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि जमवलेला सगळा ठेवा राज्य सरकारच्या हाती सोपवला. तिथे अडकित्त्यांसमोर उभं राहिलं की कळतं, काम एकच, सुपारी कातरण्याचं. पण प्रत्येक कारागिराचा हात वेगळा.

दुसऱ्या दिवशी मी मांडणी बदलली. रेघ मारणारा स्क्रायबर आधी, मग पंच, हातोडी, कानस, शेवटी माप घेणारा व्हर्नियर. वडील ज्या क्रमाने काम करत, तोच क्रम. एक निवृत्त फिटर थांबले. कानशीची मूठ तळहातात धरून म्हणाले, "अंगठा इथे झिजलाय बघा." मग जवळच्या मुलांना पत्र्याची कड कशी घासायची ते दाखवत बसले. प्रदर्शन तेव्हा सुरू झालं.

आपल्या भोसरी-आकुर्डी-चाकणच्या कारखानी पट्ट्यात आकार रोज घडतात. आकुर्डीत 1972 पासून बनलेली चेतक स्कूटर गॅरेजमधून भंगारात गेली. त्याच नावाची विजेवरची स्कूटर 2019 मध्ये चाकणहून आली. पण पहिली चेतक सुरू होत नसली की ती एका बाजूला तिरकी करून किक मारावी लागे, हे नव्या मुलांना कोण सांगणार? वस्तू नुसती राखून ती कळत नाही. तिच्याबरोबर तिची हालचाल राखावी लागते, आणि ती जाणणारी माणसं अजून आपल्या शेजारी राहतात.

पेटी भंगारवाल्याला देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ती उघडायला सांगा. कोणतं अवजार आधी लागायचं, ते विचारा आणि त्याच क्रमाने मांडून ठेवा.